माळखडकीचा जलतरण तलाव

माळखडकीच्या जिल्हा परिषद प्राथमिक शाळेला पाण्याची टाकी हवी होती. मागणी जुनी होती, रास्त होती आणि विहित नमुन्यात तीन प्रतींत केलेली होती, त्यामुळे ती मंजूर व्हायचं तसं काही कारण नव्हतं. शाळा शिरूर अनंतपाळ तालुक्यात, फाट्यापासून चार किलोमीटर आत. वर्ग पाच, खोल्या दोन, मुलं तेवीस आणि शिक्षक कागदावर दोन. त्यातले एक गेली तीन वर्षं 'शिक्षकांची कमतरता' या विषयाची माहिती गोळा करायला तालुक्याच्या कार्यालयात प्रतिनियुक्तीवर होते. उरले मुख्याध्यापक मन्मथ गुरुजी.

मन्मथ गुरुजी वाईट माणूस नव्हते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे तशी शंका येऊ शकते. ते वेळेवर यायचे, मन लावून शिकवायचे, पोरांच्या नाकाला स्वतःचा रुमाल लावायचे. चौदा एप्रिलला शिक्षणाच्या महत्त्वावर ते असे पंचवीस मिनिटं बोलायचे की मागे बसलेल्या बाया डोळ्याला पदर लावायच्या. नियमाप्रमाणे ते शाळेच्या गावातच राहत होते. तसा ग्रामसभेचा ठराव दरवर्षी फाइलला लागत होता. फक्त रोज संध्याकाळी साडेपाचला ते मोटारसायकलवरून पन्नास किलोमीटरवरच्या लातूरला मुक्कामाला जात, कारण त्यांचं घर, बायको सुकन्या आणि पाचवीतला मुलगा सुदर्शन तिथे होते. सुदर्शन लातूरच्या यशोकुंभ इंटरनॅशनल अकॅडमीत शिकत होता. कोणी विचारलं तर गुरुजी म्हणत, "आमच्या मंडळींचा हट्ट." सुकन्याबाईंना विचारलं तर त्या म्हणत, "ह्यांनीच घातलं." पोराला विचारायची पद्धत नव्हती.

शाळेत पाणी आणायच्या पंचफुलाबाई. त्यांचं काम खिचडी शिजवायचं, पण खिचडीला पाणी लागतं आणि पाणी रस्त्यापलीकडच्या हापशाला, म्हणून ते कामही आपोआप त्यांचंच झालं. त्यांची मुलगी बुद्धप्रिया पाचवीत होती. गुरुजी फळ्यावर भागाकार मांडायचे तोवर ती उत्तर पाटीवर लिहून खिडकीबाहेरच्या शेळ्या मोजत बसायची. अशी पोर वीस वर्षांच्या नोकरीत एकदा हाती लागते हे गुरुजींना ठाऊक होतं. सरकारी निवासी शाळेची प्रवेश परीक्षा तिने द्यावी हा आग्रह त्यांचाच. सहावीपासून बारावीपर्यंत राहणं, जेवण, पुस्तकं सगळं फुकट, आणि तालुक्यातल्या खेड्यांतल्या मुलांसाठी चार जागा राखीव. सुदर्शनच्या अकॅडमीतल्या सराव प्रश्नपत्रिका गुरुजी स्वतःच्या पैशाने झेरॉक्स करून तिच्यासाठी आणत.

"गुरुजी, ही पोरगी तिथं गेली की मी सुटले बघा," पंचफुलाबाई चुलीत काटकी सारत म्हणायच्या. "इथून पुढच्या शाळेला यष्टी न्हाई. घरी बसली की लोक म्हणतेत, उजवून टाक. मी किती जनांची तोंडं धरू?"

"तिची काळजी माझ्यावर सोडा, पंचफुलाबाई," गुरुजी म्हणायचे, आणि मनापासून म्हणायचे.

टाकीचा अर्ज वर गेलेला असतानाच जिल्ह्यात 'समान संधी, समान शाळा' हे अभियान आलं. शहरातल्या शाळांना सगळं मिळतं आणि खेड्यातल्या शाळांना काही मिळत नाही, ही तक्रार शासनाने फारच मनावर घेतली होती. त्यावर तज्ज्ञांच्या समितीने असा उपाय काढला की खेड्यातली एक शाळा आणि शहरातली एक शाळा यांची जोडी लावायची आणि पोर्टलवर दोघींचं सगळं एकत्र करून समसमान वाटून टाकायचं. नव्या खोल्या बांधायला वर्षं लागतात. वाटणीला एक दुपार पुरली. माळखडकीच्या शाळेची जोडी लागली यशोकुंभ अकॅडमीशी. तिथे अठराशे मुलं, वातानुकूलित वर्ग आणि निळ्या फरश्यांचा जलतरण तलाव होता.

जोडी पक्की करायला चौसष्ट प्रश्नांचा अर्ज आला. आता अर्ज भरण्याची तालुक्यातली रीत समजून घ्यायला हवी. चार वर्षांपूर्वी 'शाळेस संरक्षक भिंत आहे का?' या प्रश्नाला गुरुजींनी 'नाही' असं उत्तर दिलं होतं, कारण भिंत नव्हती. 'नाही'वर बोट टेकताच खाली परिशिष्ट उघडलं: भिंत नसल्याचे चारही दिशांनी फोटो, भिंत नसल्याचा अभियंत्याचा दाखला, भिंत का नाही याचा खुलासा, आणि भिंत नसूनही मुलं आजवर पळून कशी गेली नाहीत याचं स्पष्टीकरण. अभियंता म्हणाला, जी भिंत मी बांधली नाही तिचा दाखला मी कसा देऊ? तीन महिने गुरुजी त्या न झालेल्या भिंतीला डोकं आपटत फिरले. 'होय'ला मात्र काहीच लागत नव्हतं, ना फोटो, ना दाखला. तेव्हापासून माळखडकीच्या शाळेला संरक्षक भिंत आहे. तालुक्यातल्या सगळ्याच शाळांना आहे.

त्यामुळे चौसष्ट प्रश्नांना गुरुजींनी सहा मिनिटांत चौसष्ट वेळा 'होय' केलं. एक्केचाळिसावा प्रश्न होता, 'जुळ्या शाळेच्या सर्व सुविधा आपल्या विद्यार्थ्यांस उपलब्ध आहेत का?' तो त्यांनी वाचलाही नाही.

पंधरा दिवसांनी टाकीच्या अर्जाचं उत्तर आलं. 'आपल्या शाळेकडे दोन लक्ष चाळीस हजार लिटर क्षमतेचा जलसाठा उपलब्ध असताना पाच हजार लिटरच्या टाकीची मागणी करणे ही बाब गंभीर आहे. सबब मागणी नामंजूर करण्यात येत असून अशी मागणी का केली याचा खुलासा सात दिवसांत सादर करावा.'

गुरुजींनी केंद्रप्रमुख सिद्रामप्पांना फोन लावला. सिद्रामप्पा दहा शाळांचे केंद्रप्रमुख. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते आणि ते दिवस मोजत होते.

"अप्पा, हा जलसाठा कुठला?"

"तलाव हाय की तुमच्याकडं पोहायचा."

"तो लातूरला आहे, अप्पा. यशोकुंभचा."

"मग? तुमची जुळीच ना ती? एक्केचाळीसला काय भरलं?"

"होय."

"मग होय म्हनल्यावर होय. आता मागं सरकू नका, गुरुजी. तलाव न्हाई म्हनाल तर खोटी माहिती दिली म्हणून तुम्ही जाल आणि सही केली म्हणून मी जाईन. चौदा महिने तलाव सांभाळा, मग बुजवा."

गुरुजींनी तलाव सांभाळायला घेतला. खुलासा दिला की टाकी चुकून मागितली. मग आरोग्य विभागाने विचारलं, तलावाच्या पाण्यात क्लोरीन असताना मुलं तेच पाणी पितात काय? मुलं हापशाचं पाणी पितात असं कळवल्यावर विचारणा आली की स्वतःच्या मालकीचा जलसाठा असताना सार्वजनिक हापशावर भार का टाकता? शेवटी सुरक्षा विभागाचं पत्र आलं: तलावावर प्रशिक्षित जीवरक्षक नेमून फोटो पाठवावा, अन्यथा शाळेची मान्यता काढण्यात येईल. या पत्राने गुरुजी खरे घाबरले. मान्यता गेली तर तेवीस पोरं शेळ्यांमागे जाणार होती.

"पंचफुलाबाई, उद्यापासून तुम्ही जीवरक्षक."

"म्हंजे काय करायचं?"

"कोणी बुडायला लागलं तर काढायचं."

"गुरुजी, मला पवता येत न्हाई. आन् बुडणार कशात? हापशाच्या गाळात?"

"पोहायचं नाही. फोटोत फक्त उभं राहायचं."

गुरुजींनी खेळाच्या पेटीतली शिट्टी दिली. पंचफुलाबाई ती गळ्यात अडकवून हापशाशेजारी उभ्या राहिल्या आणि मागे पोरं ओळीने हात वर करून उभी केली. फोटो मंजूर झाला. शेरा आला, 'गणवेश अयोग्य, बाकी समाधानकारक.' गावातल्या बाया पंचफुलाबाईंना चार दिवस हसल्या. पाचव्या दिवशी महामायाबाईंनी, म्हणजे पंचफुलाबाईंच्या सासूने, विचारलं की या कामाचा पगार वेगळा का खिचडीतच, आणि हसू तिथेच थांबलं.

इथवर जे झालं त्याने कोणाचं मोठं नुकसान झालं नव्हतं. पाणी आधीही नव्हतं आणि आताही नव्हतं. फक्त आता ते नियमानुसार नव्हतं. पण डिसेंबरात गुरुजींनी बुद्धप्रियाचा परीक्षेचा अर्ज भरायला घेतला तेव्हा तिच्या नावापुढे पोर्टलने स्वतःहून लिहिलं, 'प्रवर्ग: शहरी'. गुरुजींनी मोबाइल पुसून पुन्हा पाहिला. मग गाडी काढून ते तडक शिरूरच्या कार्यालयात गेले.

तिथे संगणकावर शिवलिंग नावाचा तरुण बसतो. तो कंत्राटी असल्याने कार्यालयात काम करणारा तेवढा एकच माणूस आहे.

"बरोबर हाय, सर," तो पडद्याकडे बघत म्हणाला. "जलतरण तलाव असलेली शाळा शहरी. सिस्टिम गावाचं नाव बघत न्हाई, सुविधा बघती."

"अरे, ती पोरगी दिवसाला चार घागरी पाणी वाहते!"

"तसा रकाना न्हाई, सर."

शहरी जागा जिल्ह्याला मिळून दोन होत्या आणि लातूरची निम्मी अकॅडमी त्या दोनांवर बसलेली होती. उपाय काय, गुरुजींनी विचारलं. शिवलिंग भला पोरगा होता. त्याने खुर्ची ओढून बसायला दिलं आणि समजावलं की मुख्याध्यापकाला सोमवार संध्याकाळपर्यंत हरकत घेता येते. एक्केचाळिसावा प्रश्न पुन्हा उघडायचा आणि 'होय'चं 'नाही' करायचं. जोडी तुटेल, दोन्ही शाळा पहिल्यासारख्या होतील आणि पोरगी ग्रामीण होईल.

"एवढंच?"

"परिशिष्ट उघडंल थोडं."

"उघडू दे," गुरुजी म्हणाले. त्या वेळी ते खरंच म्हणाले. येताना फाट्यावर त्यांनी सिद्रामप्पांना फोन करून स्पष्ट सांगितलं की अप्पा, तुमचे चौदा महिने तुमच्यापाशी, मी 'नाही' भरणार. आयुष्यात एकदा खरं लिहिणार. त्यांना फार बरं वाटलं. चौदा एप्रिलच्या भाषणानंतर वाटतं त्यापेक्षाही बरं वाटलं.

शनिवारी यशोकुंभमध्ये पालक सभा होती. संचालक उमाशंकर सर कोट घालून माइकसमोर उभे राहिले आणि आनंदाची बातमी सांगायची म्हणाले. या वर्षापासून अकॅडमीचा पत्ता शिरूर अनंतपाळ तालुका, ग्रामीण, वंचित असा झाला होता. वाटणीत माळखडकीला तलाव गेला, तसा अकॅडमीला माळखडकीचा हापसा, दोन खोल्या आणि वंचितपणा आला होता. त्या वंचितपणाच्या निधीतून तलावाच्या फरश्या बदलून झाल्या होत्या. पालकांनी टाळ्या वाजवल्या. खेड्यातल्या मुलांच्या चार राखीव जागांवर आता इथल्या मुलांचा हक्क होता. फक्त एक अडचण होती. नुसती शाळा ग्रामीण असून भागत नव्हतं, पालकांचं राहणंही खेड्यातच लागत होतं.

सभा संपल्यावर सरांनी गुरुजींना चहाला आत बोलावलं.

"गुरुजी, अठराशे मुलांत ती अट पुरी करणारे विद्यार्थी किती सापडले सांगू? एक. तुमचा सुदर्शन. अकरा वर्षांचे ग्रामसभेचे ठराव आहेत तुमचे. असा सलग रहिवास आमच्या एकाही पालकाकडे नाही." त्यांनी बशी पुढे सरकवली. "आपला माणूस म्हणून सांगतो, सोमवारी हरकतीची मुदत संपते. तोवर कोणी काही खुसपट काढलं नाही म्हणजे झालं."

घरी सुकन्याबाईंनी ऐकून घेतलं आणि भाजी निवडता निवडता विचारलं, "मग यात तुम्ही काय खोटं करून राहिलात? कागदावर आपण माळखडकीचेच की."

"तिथं एक पोरगी आहे, सुकन्या. हुशार आहे."

"आपला काय ढ आहे?"

सुदर्शन ढ नव्हता. अकॅडमीची बारावीपर्यंतची फी गुरुजींच्या छातीवर बसलेली होती हेही खोटं नव्हतं. त्या रविवारी गुरुजींनी न्याय या गोष्टीचा सर्व बाजूंनी विचार केला. जो माणूस सर्व बाजूंनी विचार करायला बसतो त्याचं ठरलेलं असतं, पण हे गुरुजींना तेव्हा माहीत नव्हतं.

सोमवारी दुपारी, खिचडी वाटून झाल्यावर, त्यांनी एक्केचाळिसावा प्रश्न उघडला आणि 'नाही'वर बोट टेकवलं. हे त्यांनी केलं. त्यांच्या बाजूने जमा धरायचं असेल तर एवढं आहे. परिशिष्ट उघडलं. तलाव नसल्याचे फोटो. तलाव नसताना जीवरक्षक कोणत्या नियमाखाली नेमला याचा खुलासा. आणि शेवटी, मुख्याध्यापक मुख्यालयी राहतात याची खातरजमा करण्यासाठी राहत्या घराचा, आत स्वयंपाक चालू असतानाचा फोटो.

दारात पंचफुलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. गळ्यात शिट्टी तशीच होती. काढू का म्हणून विचारायचं त्यांना सुचलं नव्हतं आणि काढा म्हणून सांगायचं गुरुजींना.

"गुरुजी, आज शेवटचा दिस ना? झालं का पोरीचं?"

"करून राहिलो," गुरुजी म्हणाले.

मग त्यांनी परिशिष्ट मिटलं, 'नाही'चं 'होय' केलं आणि पाठवलं.

"झालं."

"लई उपकार झाले तुमचे," पंचफुलाबाई म्हणाल्या आणि तांब्या ठेवून गेल्या. गुरुजींना लाज वाटली. खरोखर वाटली; तांब्याला त्यांनी हात लावला नाही. पण लाजेला पोर्टलवर रकाना नव्हता आणि साडेपाचला लातूरला निघायचं होतं.

निकाल जूनमध्ये लागला. बुद्धप्रियाला शंभरात एक्याण्णव पडले. शहरी यादी त्र्याण्णवला बंद झाली होती. सुदर्शनला चौऱ्याऐंशी पडले आणि तो ग्रामीण यादीत तिसरा आला. यशोकुंभने लातूरच्या मुख्य चौकात फलक लावला, 'मातीतून उगवलेला तारा', आणि खाली सुदर्शनचा टाय लावलेला फोटो. माळखडकीच्या शाळेनेही मागे राहायचं नाही म्हणून बुद्धप्रियाचा सत्कार ठेवला. सिद्रामप्पा अध्यक्ष होते. शाल, पेन आणि गुलाबाचं फूल. गुरुजी जिद्दीवर पंचवीस मिनिटं बोलले. या वेळी पदर कोणी डोळ्याला लावला नाही, पण ऊनही फार होतं.

कार्यक्रम आटोपल्यावर पोरगी पेन घेऊन त्यांच्या टेबलापाशी आली.

"गुरुजी, तुमच्या सुदर्शनला चौऱ्याऐंशी हायत ना?"

"हाव."

"आन् मला एक्याण्णव."

"हाव, बेटा."

भागाकार मनातल्या मनात करताना जशी ती वर बघायची तशी वर बघत होती. तिचा भागाकार कधी चुकत नसे. या वेळी बाकी काय उरली ते तिने सांगितलं नाही. पेन खिशाला लावून ती आईबरोबर हापशाकडे गेली, कारण खिचडी शिजायची होती.

त्याच आठवड्यात अभियानाचा वार्षिक अर्ज आला. या वर्षी त्यात एक नवा, पासष्टावा प्रश्न होता. 'या योजनेमुळे कोणावर अन्याय झाला आहे असे आपणांस वाटते का?' गुरुजींचं बोट सवयीने 'होय'कडे गेलं आणि जागीच थांबलं, कारण या खेपेला परिशिष्ट 'होय'च्या खाली होतं. अन्याय झालेल्याचं नाव, अन्याय करणाऱ्याचं नाव, दोघांचे आधार क्रमांक. 'नाही'ला काहीच लागत नव्हतं. गुरुजींनी चार वर्षांत पहिल्यांदा 'नाही' भरलं.

हा शेवटचा प्रश्न फक्त मुख्याध्यापकांसाठी नाही; पालक आणि सुजाण नागरिकांसाठीही तो पोर्टलवर खुला ठेवलेला आहे. जिल्ह्याचा अहवाल छापून आला त्यात नागरिकांचं उत्तर शंभर टक्के 'नाही' असं आहे. तुम्ही म्हणाल, आम्ही तर तो अर्ज पाहिलाही नाही, आमची मुलं कधीच त्या शाळांत नव्हती, आमचा काय संबंध? तुमचं म्हणणं बरोबर आहे. अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरात सूचना दिलेली आहे: जे नागरिक मुदतीत काहीच उत्तर देणार नाहीत, त्यांचं उत्तर 'नाही' असं धरण्यात येईल. तुमचं धरलेलं आहे.